नाव ठेवणे, नावे ठेवणे

मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचा फरक आहे. पहिले बारशाला होते, दुसरे पाठीमागे. शब्दकोशात हे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत, पण मुष्टियोद्ध्यांच्या टोपणनावांचा अनुवाद करायला बसले की ते एकमेकांत मिसळतात. रिंगणात उतरणाऱ्या माणसाला चिकटलेले नाव हे बारसे आहे की टवाळी, आणि ते त्याला कुणी, कुठून उभे राहून दिले, हे ठरवल्याशिवाय त्याचा मराठी पर्याय सुचत नाही. सुचला तरी खोटा वाटतो.

बॉक्सिंगच्या इंग्रजी लेखनात टोपणनाव कसे पडले याची गोष्ट हा जवळजवळ स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. प्रत्येक नामवंत खेळाडूमागे अशी एक लहानशी गोष्ट असते आणि ती चरित्राच्या पहिल्या दोनचार पानांतच येते. या गोष्टी आपण मजा म्हणून वाचतो आणि सोडून देतो. मला वाटते, त्या सोडून देण्यासारख्या नाहीत. माणसाचे नाव कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्यांत दडलेला असतो.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. महाभारताच्या विराटपर्वात त्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत पूर्ण नमुना सापडतो. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन उत्तराला सांगतो की मीच अर्जुन. उत्तराचा विश्वास बसत नाही. तो पुरावा मागतो तो शस्त्रांचा किंवा पराक्रमाचा नाही. अर्जुनाची दहा नावे सांग आणि प्रत्येक नाव कसे पडले तेही सांग, असे तो म्हणतो. मग अर्जुन एकेक नाव उलगडतो. धन जिंकून आणले म्हणून धनंजय, जिंकल्याशिवाय परतत नाही म्हणून विजय, दोन्ही हातांनी धनुष्य ओढतो म्हणून सव्यसाची, इंद्राने मस्तकी किरीट ठेवला म्हणून किरीटी, फल्गुनी नक्षत्रावर जन्म म्हणून फाल्गुन, पांढऱ्या घोड्यांचा म्हणून श्वेतवाहन. नाव कुणालाही पाठ असू शकते. ते कसे पडले हे ज्याचे नाव त्यालाच नीट ठाऊक, हे इथले गृहीतक आहे. ओळखपत्र म्हणून व्युत्पत्ती, अशी ही कल्पना आहे.

या दहा नावांत एक नाव बाकीच्यांपेक्षा वेगळे आहे: कृष्ण. ते पराक्रमाने आलेले नाही आणि देवाने दिलेले नाही. सावळ्या रंगाच्या मुलाला वडिलांनी लाडाने हाक मारली, एवढीच त्याची गोष्ट. हे दहावे नाव लक्षात ठेवू. पुढे त्याची गरज पडणार आहे.

इंग्लंडमध्ये उघड्या मुठींनी लढण्याच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, हेन्री पीअर्स नावाचा एक मुष्टियोद्धा होता. हेन्रीचे संक्षिप्त रूप ‘हेन’. इंग्रजीत हेन म्हणजे कोंबडी. त्यावरून त्याला ‘गेम चिकन’, म्हणजे झुंजीचे कोंबडे, हे नाव पडले. मराठीत हा श्लेष मेल्यासारखाच. ‘झुंजीचा कोंबडा’ म्हणावे तर अर्थ येतो, पण नाव सहीतून जन्मले हा विनोद जातो. पीअर्स ईगनच्या ‘बॉक्सियाना’च्या खंडांमुळे, म्हणजे १८१२च्या सुमारापासून, लढती, त्यांची खास बोली आणि अशी नावे यांना छापील आयुष्य मिळाले. रिंगणातले नाव रिंगणात पडते असे आपण समजतो. बहुतेक वेळा ते पडते छापखान्यात.

पुढच्या काळातल्या गोष्टी अधिक परिचित आहेत. जो फ्रेझरला प्रशिक्षक यँक डरहॅम सांगायचा की असे ठोसे मार की हातमोज्यांतून धूर निघाला पाहिजे. तो ‘स्मोकिन जो’ झाला. पनामाच्या रोबेर्तो दुरानच्या मुठींवरून त्याचे ‘मानोस दे पिएद्रा’, दगडी हात, हे नाव. वॉकर स्मिथ नावाच्या मुलाकडे हौशी स्पर्धेत उतरण्यासाठी कार्ड नव्हते, म्हणून रे रॉबिन्सन नावाच्या दुसऱ्या मुलाचे कार्ड त्याने वापरले आणि तेच नाव जन्मभर राहिले. त्याच्या आधीचा ‘शुगर’ आला तो त्याचा खेळ साखरेसारखा गोड आहे या उद्गारावरून. तो उद्गार कुणाचा याविषयी मात्र एकमत नाही. कुणी वार्ताहराचे नाव घेतो, कुणी व्यवस्थापकाचे. म्हणजे विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या मुष्टियोद्ध्याच्या नावातला एकही शब्द त्याला जन्माने मिळालेला नव्हता: एक भाग उसना, एक भाग कुणीतरी बोलून गेलेला. पुढे रे लेनर्ड आणि शेन मोझली यांनीही ‘शुगर’ लावले आणि त्या उसन्या नावाचे घराणे झाले.

मराठीत ‘शुगर रे’ लिहिले की दोन अपघात होतात. आपल्याकडे माणसाला शुगर असते म्हणजे मधुमेह असतो. आणि ‘रे’ हे संबोधन आहे. नाव वाचताना कुणी आपल्या मित्राच्या रक्ततपासणीवर हळहळतो आहे असा भास होतो. ‘साखऱ्या’ म्हणावे तर तो मिठाईवाला होतो. ‘दगडी हात’ या नावाची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू ही नावे ताकदीची नाहीत, भीतीची आहेत. आधीची मुले जगली नाहीत म्हणून मृत्यूची नजर चुकवायला ठेवलेली. छत्तीसगढीतही अशी ओंगळ, क्षुल्लक नावे याच कारणाने ठेवण्याची रीत आहे. दुरानचा दगड समोरच्याला फोडतो, आमचा दगड पोराला वाचवतो. शब्द तोच, त्यामागची भीती उलटी.

इथे यास्काच्या निरुक्तातला एक वाद आठवतो. शाकटायन आणि नैरुक्त म्हणतात, सगळी नामे क्रियेतून जन्मतात. गार्ग्य म्हणतो, सगळी नाही. आक्षेप असा की वाट व्यापतो म्हणून घोड्याला अश्व म्हणायचे, तर वाटेने धावणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावे लागेल. यास्काचे उत्तर व्यवहारी आहे. तेच काम पुष्कळजण करतात, पण नाव त्यांतल्या एखाद्यालाच मिळते. लाकूड तासणारे सगळे ‘तक्षन्’ होत नाहीत. टोपणनावांच्या गोष्टींना हीच कसोटी लावून पाहावी. जोरात ठोसे मारणारे शेकडो होते. धूर एकाच्याच मोज्यांतून का निघाला? गोष्ट सांगते की त्याच्या कृतीमुळे. कृती मात्र पुरेशी नसते. कुणीतरी बघणारा, बोलणारा, छापणारा असावा लागतो. नावाची गोष्ट नेहमी नाव असलेल्या माणसाविषयी बोलते आणि नाव देणाऱ्याला आडोसा देते.

आता आपल्या मातीकडे येऊ. मराठी मुलखात ठोशाच्या रिंगणापेक्षा कुस्तीचा हौद जुना आणि मोठा. तिथल्या नावांची व्यवस्था इंग्रजी बॉक्सिंगपेक्षा मुळातच वेगळी आहे. इंग्रजीत टोपणनाव नाव आणि आडनाव यांच्या मधोमध, अवतरणचिन्हांत बसते. जणू कुणीतरी दाराच्या फटीतून आत शिरले आहे. मराठीत जे काही लागते ते नावाच्या आधी लागते, उघड, अवतरणचिन्हांशिवाय. हिंद केसरी श्रीपती खंचनाळे, हिंद केसरी गणपतराव आंदळकर, हिंद केसरी मारुती माने. आणि ज्याने कोणताही किताब जिंकला नाही त्याच्याही नावाआधी आयुष्यभर ‘पै.’ असते. वकिलाचे ‘अ‍ॅड.’ असावे तसे. गावच्या फलकावर, लग्नपत्रिकेत, निवडणुकीच्या पत्रकात हा ‘पै.’ दिसतो. तो पैलवानाचा की पैगंबरवासी झालेल्याचा हे पुढच्या नावावरून आणि फोटोला हार आहे की नाही यावरून ताडायचे.

किताब जिंकावा लागतो आणि तो एका माणसाचा नसतो. १९५९ साली खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले. १९६१ साली सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी. पुढच्या वर्षी, पुढच्या मल्लाला तोच शब्द मिळतो. पुन्हा जिंकला तर ‘डबल महाराष्ट्र केसरी’, तिसऱ्यांदा ‘ट्रिपल’. संस्कृत केसरी आणि इंग्रजी डबल यांची ही जोडी शुद्धलेखनवाल्यांना खटकते, मैदानात मात्र ती कुणालाच खटकत नाही. यात खेळाडूच्या शैलीविषयी एक अक्षर नाही. तो उजव्या बाजूचा की डाव्या, चपळ की अवजड, हे ‘केसरी’ सांगत नाही. सांगलीच्या संभाजी पवारांचे ‘बिजली मल्ल’ हे नाव अपवाद. त्यात खेळण्याचा वेग ऐकू येतो. पुढे ते आमदार झाले तरी नावाआधीची बिजली राहिली. तरीही तिची जागा पाहा: समोर, पदवीसारखी. मराठीने टोपणनावालाही किताबाच्या खुर्चीवर बसवले.

फारसीतून आलेला ‘रुस्तम’ही असाच. रुस्तम-ए-हिंद हा किताब. गामा पैलवानाला तर रुस्तम-ए-जमान म्हटले गेले. मूळ रुस्तम फिरदौसीच्या शाहनाम्यातला. त्याची सर्वांत मोठी शोकांतिका नावाचीच आहे. समोरचा तरुण विचारतो, तू रुस्तम आहेस का? रुस्तम नाही म्हणतो. मग तो ज्याला जीवघेणी जखम करतो तो त्याचाच मुलगा सोहराब निघतो. झुंजीत नाव लपवल्याने घडलेल्या अनर्थाचा नायक आपण झुंजीतल्या सर्वोच्च नावासाठी निवडला, यात इतिहासाचा क्रूर विनोद आहे. आणि गामा? तो किताबाशिवायच भाषेत शिरला. ‘आलाय मोठा गामा’ असे आपण आजही म्हणतो. विशेषनामाचे सामान्यनाम झाले आणि तेही टोमण्यात. नाव ठेवण्याचे नावे ठेवणे झाले ते असे.

मी रायपूरच्या शंकर नगरात राहते. भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी घरे आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. त्यामुळे हे शब्द रोज एकमेकांवर घासले जातात. नागपंचमीला इथे दंगल असते. मराठी कानाला दंगल म्हणजे जाळपोळ आणि संचारबंदी. इथे ती पावसाळ्यातली कुस्त्यांची जत्रा. आपला वस्ताद इथे उस्ताद, तालीम इथे अखाडा. त्याहून अवघड शब्द म्हणजे ‘उपाधि’. हिंदीत विद्यापीठ उपाधी देते, पैलवानाला उपाधी मिळते. मराठीत ‘नसती उपाधी’ म्हणजे गळ्यात पडलेली कटकट, आणि संतांच्या मराठीत उपाधी म्हणजे सोडून द्यावयाचे ओझे. हिंदीतून मराठीत आणताना ‘उसे उपाधि मिली’ या तीन शब्दांत सन्मान आणि कटकट यांतून एक निवडावे लागते. मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत ही निवड शब्दकोशावर सोडता येत नाही.

जो लुईचे उदाहरण घ्या. त्याचे ‘ब्राउन बॉम्बर’ हे नाव सर्वांना माहीत आहे. १९३०च्या दशकातल्या अमेरिकी वर्तमानपत्रांनी त्याला इतरही नावे दिली होती: महोगनी मॉलर, चॉकलेट चॉपर आणि असली आणखी कितीतरी. अनुप्रास चोख, आणि प्रत्येकात रंग. लाकूड, खाऊ, कॉफी. माणूस सोडून तपकिरी असे जे जे म्हणून असेल ते. त्याच काळात त्याच्याशी लढलेला जर्मन माक्स श्मेलिंग ‘ऱ्हाइनचा काळा उलान’ म्हणून ओळखला जाई. उलान म्हणजे भालाईत स्वार. तिथे ‘काळा’ हा शब्द कातडीविषयी नव्हता, आणि म्हणून तो झोकदार होता. ‘तपकिरी बॉम्बगोळा’ असा मराठी अनुवाद केला तर वाचकाला तो बालसाहित्यातला वाटेल. अपमान आणि कौतुक यांचे जे मिश्रण मूळ नावात आहे ते गळून जाईल. शिवाय लुईच्या समाजाने हेच नाव अभिमानानेही उचलले. एकच शब्द वार्ताहराच्या टंकयंत्रात एक होता, हार्लेमच्या रस्त्यावर दुसरा.

आता अर्जुनाचे दहावे नाव आठवावे. कृष्ण म्हणजे काळाच. पण तो शब्द वडिलांनी उच्चारला होता. रंग तोच, शब्दही जवळजवळ तोच. म्हणणाऱ्याची जागा बदलली की बारशाची टवाळी होते. म्हणून मला वाटते, टोपणनावाचा अर्थ शब्दात शोधणारा अनुवादक अर्धे काम करतो. उरलेला अर्धा अर्थ तो शब्द कुणाच्या तोंडी होता यात असतो.

याची दुसरी बाजू कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला दिलेला आश्रय, १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी सांगितली जाणारी एक गोष्ट शाहूचरित्रांत नोंदलेली आहे. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या पैलवानांना महाराजांनी ‘जाठ’, ‘सरदार’, ‘पंडित’ अशी नावे दिली. त्या काळी नावापाठोपाठ जात यायचीच. महाराजांनी नावाच्या जागी दुसरे नाव ठेवले आणि तेही असे की पुकारणाऱ्याला ते मानाने पुकारावे लागेल. अमेरिकी वार्ताहर नावातून रंग दाखवत होता. कोल्हापूरचा राजा नावातून जात झाकत होता. दोन्ही नावे वरून खाली दिलेली. दोन्हींत मल्लाला कुणी विचारले असेल असे नाही. तरी एकाने माणसाला रिंगणात कोंडले, दुसऱ्याने रिंगणात येण्याची वाट मोकळी केली. ‘पंडित’ हे नाव आज वाचताना त्यातला मिश्कील डंखही जाणवतो. ज्यांना शास्त्र शिकण्याची बंदी होती त्यांना मैदानात पंडित म्हणून हाक मारायची, यात समाजाला ठेवलेली नावे होती. मल्लाला मात्र नाव ठेवले होते.

वरून दिलेले आणि खालून चिकटलेले यांच्याखेरीज एक तिसरा प्रकार आहे: स्वतः घेतलेले नाव. मार्विन हॅगलरच्या नावाआधी निवेदक ‘मार्व्हलस’ म्हणायला तयार नव्हते, म्हणून १९८२ साली त्याने कायद्यानेच नाव बदलून घेतले. त्यानंतर ते टोपणनाव राहिले नाही, त्याचे नावच झाले. अनुवादकाचा प्रश्नही त्याने सोडवला: कायदेशीर नावाचा अनुवाद करत नाहीत.

मुहम्मद अलीची गोष्ट अधिक खोल जाते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘लुइव्हिल लिप’ म्हटले होते, म्हणजे लुइव्हिलचा तोंडाळ. १९६४ साली त्याने कॅशियस क्ले हे नाव गुलामीचे म्हणून टाकले. ६ फेब्रुवारी १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये अर्नी टेरेलशी लढत झाली. टेरेल त्याला जुन्याच नावाने संबोधत आला होता. अली ठोसे मारता मारता विचारत राहिला, माझे नाव काय? हा प्रश्न मराठीत आणणे फार कठीण आहे. ‘माझं नाव काय?’ असे म्हटले की बालवाडीतल्या बाई समोर दिसतात. आपल्याकडे झुंजीत नाव पणाला लावण्याची रीत वेगळी आहे: ‘तुला लोळवलं नाही तर बापाचं नाव लावणार नाही.’ म्हणजे हरलो तर नाव सोडीन. अलीने नाव आधीच सोडले होते, आणि जिंकत असताना तो समोरच्याला नवे नाव उच्चारायला लावत होता. मराठी शपथ वडिलोपार्जित नाव पणाला लावते. अली वडिलोपार्जित नावावरचाच दावा फेटाळत होता. तिथे आपला तयार वाक्प्रचार वापरला तर वाक्य झणझणीत होईल आणि अर्थ नेमका उलटा.

मग मराठीत स्वतः नाव घेण्याची परंपरा कुठे आहे? पैलवानांत ती नाही. ती कवींत आहे. केशवसुत, गोविंदाग्रज, बी, ग्रेस. घरचे नाव बाजूला ठेवून दुसरे नाव घेणाऱ्याला आपण उद्धट म्हणत नाही, कवी म्हणतो. हिंदीत तर या नावाला उपनाम हा प्रतिष्ठित शब्दच आहे. अली स्वतः यमके जुळवीत असे, प्रतिस्पर्धी कितव्या फेरीत पडेल ते पद्यात सांगत असे. त्याच्या नावाला मराठीत आणायचे असेल तर ते मैदानाच्या भाषेत आणण्यापेक्षा कवीच्या टोपणनावाच्या परंपरेत ठेवणे मला अधिक न्याय्य वाटते. ग्रेस या नावाचे भाषांतर आपण कधी ‘कृपा’ असे केले नाही. तोच नियम इथे.

हे तिन्ही प्रकार एका मराठी मुष्टियोद्ध्याच्या नावात एकत्र येतात. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. सैन्यात बॉक्सिंग खेळणारे. १९६४ साली टोकियोत सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते लढले आणि त्यांना ‘छोटा टायगर’ म्हणू लागले, अशी गोष्ट त्यांच्याविषयी सांगितली जाते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. ठोशांचे रिंगण संपले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले.

‘छोटा टायगर’ या दोन शब्दांकडे अनुवादकाच्या नजरेने पाहावे. टोकियोत पडलेले नाव जपानीत असायला हवे. ते आपल्यापर्यंत अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी होऊन आले. नाव ज्याचे तो मराठी. म्हणजे मधे कुणीतरी अनुवाद केला, बहुधा बराकीतल्या भाषेत. ती भाषा अशीच आहे: छोटा हिंदीतला, टायगर इंग्रजीतला, आणि दोन्ही सर्वांना कळणारे. मराठीत ‘छोटा वाघ’ कुणी म्हणणार नाही. आपल्याकडे वाघ ढाण्या असतो किंवा पट्टेरी, छोटा असेल तर तो बछडा. खाशाबा जाधवांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणत तेही असेच. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या या गोळेश्वरच्या मल्लाचे कौतुक करायला परक्या भाषेला आधी त्याचा लहानपणा सांगावासा वाटला. खिसा काय, छोटा काय. परदेशात उभ्या राहिलेल्या भारतीय खेळाडूच्या नावात त्याची उंची मोजलेली असते. घरी आल्यावर ‘छोटा’ लाडाचा झाला असेल, पण निघताना तो मोजमापाचा होता.

२०२४ साली कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला. त्याचे शीर्षक पेटकरांच्या रिंगणातल्या नावावरून घेतलेले नाही, टिंगलीवरून घेतलेले आहे. ऑलिंपिकचे स्वप्न सांगणाऱ्या मुलाला बाकीची मुले चंदू चॅम्पियन म्हणून चिडवतात. शीर्षकाची ही निवड मला चित्रपटातली सर्वांत विचारी गोष्ट वाटते. चंदू हे चंद्रकांताचे घरगुती रूप. घरात ते मायेचे, हिंदी रस्त्यावर ते बावळटाचे. चित्रपट हिंदी असल्याने त्याला फक्त दुसरा अर्थ ऐकू येतो. मराठी प्रेक्षकाला दोन्ही ऐकू येतात आणि त्यामुळे टिंगल अधिक बोचते, कारण ती घरातल्या हाकेनेच केलेली आहे. माझी तक्रार एवढीच की टिंगलीचे नाव उलटवून दाखवण्याच्या भरात चित्रपट ‘छोटा टायगर’ला आयते कौतुक म्हणून स्वीकारतो. चंदूला त्याने प्रश्न विचारले, टायगरला विचारले नाहीत. टोमणा संशयास्पद आणि शाबासकी निर्दोष, अशी सोयीची वाटणी तो करतो. जो लुईच्या नावांनी शिकवले ते नेमके उलटे आहे: शाबासकी अधिक निरखून पाहावी लागते.

पेटकरांच्या आयुष्यात आणखी एक नाव आहे आणि ते पुन्हा विराटपर्वाकडे नेते. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, महाराष्ट्र केसरीच्याच वर्षी. १९८२ साली पेटकरांनी त्यासाठी अर्ज केला होता आणि तो मान्य झाला नाही, असे त्यांच्याविषयीच्या वृत्तांतांत येते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्यांना जानेवारी २०२५ मध्ये दिला गेला, वयाच्या ऐंशीनंतर. विराटपर्वात अर्जुनाने आपली नावे आणि त्यांची कारणे सांगितली आणि उत्तराने लगेच मान्य केले. इथे एका माणसाने तेच केले. मी कोण, मी काय केले, ते कधी केले. आणि नाव मिळायला चार दशके गेली.

अनुवादकाने मग काय करावे? माझ्यापुरते मी असे ठरवले आहे. जिंकलेला किताब मराठी रीतीने नावाआधी, अवतरणचिन्हांशिवाय लिहावा. स्वतः घेतलेले नाव जसेच्या तसे ठेवावे, कवीचे ठेवतो तसे. आणि दुसऱ्याने चिकटवलेले नाव, मग ते कितीही कौतुकाचे असो, अवतरणचिन्हांतच ठेवावे आणि शक्य तिथे वाक्यातच सांगावे की ते कुणी म्हटले: वार्ताहराने, राजाने, बराकीतल्या सोबत्याने की बापाने. एवढे शब्द वाक्याला जड होत नाहीत. यास्काने गार्ग्याला दिलेल्या उत्तरात हीच एक जागा मोकळी राहिली होती. काम पुष्कळ करतात, नाव एकालाच मिळते, हे खरे. ते देतो कोण, हे लिहायचे राहिले.